सांधेदुखीच्या रुग्णाचा लाल डोळा: काय बघायचं, कुठे जायचं, औषध कसं घालायचं

डोळा लाल झाला की आपल्याकडे पहिली फेरी मेडिकलच्या दुकानात होते. "डोळे आलेत, ड्रॉप द्या" म्हटलं की बाटली हातात पडते. बहुतेकांचं त्यात निभावतं, कारण साथीचे साधे डोळे आठ-दहा दिवसांत औषधाशिवायही बरे होतात. पण आमवात, कण्याचा संधिवात, सोरायसिसबरोबरचा संधिवात, ल्युपस असा आजार असलेल्यांनी ही फेरी मारू नये. त्यांच्या डोळ्याची लाली पुष्कळदा जंतूंमुळे नसते. जी प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटली, तीच डोळ्यावर उलटलेली असते. अँटिबायोटिकच्या थेंबांनी ती आवरत नाही, आणि मध्ये गेलेला आठवडा कधीकधी नजरेच्या किमतीवर जातो.

याची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. काही रुग्णांचा डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि आतून बिघडत जातो. लहान मुलांच्या संधिवातात हे घडतं आणि आमवात-ल्युपससाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळीनेही घडू शकतं. तिथे लक्षणांची वाट पाहायची नसते, ठरलेल्या तारखेला तपासून घ्यायचं असतं.

एक खुलासा आधी करायला हवा. वयोमानाने गुडघे झिजतात तो संधिवात इथे अभिप्रेत नाही. त्याचा डोळ्यांशी असा संबंध नाही. इथे आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आणि त्याच्या भावकीतले सूज आणणारे आजार.

घरी पाच मिनिटांत काय बघायचं

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसा. ट्यूबलाइटखाली लाल आणि जांभळट यातला फरक कळत नाही, आणि इथे तोच फरक महत्त्वाचा आहे.

नेहमीचा चष्मा लावून एक डोळा तळहाताने झाका. डोळ्यावर दाब देऊ नका. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दिसतात का बघा, मग दुसऱ्या डोळ्याने तेच बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचलं तर चांगला डोळा दुसऱ्याची चूक झाकतो. एका डोळ्याची नजर कित्येक आठवडे कमी असूनही लक्षात येत नाही ती यामुळेच.

मग आरशात दोन्ही बाहुल्यांचा आकार बघा. एक लहान दिसते का? गोल असायची ती कुठे ओढल्यासारखी, वाकडी दिसते का? त्यानंतर घरातल्या कोणाला तरी मोबाइलच्या टॉर्चचा उजेड चांगल्या डोळ्यावर क्षणभर टाकायला सांगा, लाल डोळा झाकलेला असू द्या. उजेड चांगल्या डोळ्यावर पडला आणि कळ झाकलेल्या डोळ्यात आली, तर बुबुळाचा रंगीत पडदा सुजला असण्याची दाट शंका घ्यावी. एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात आणि सुजलेला पडदा आकसताना दुखतो, म्हणून असं होतं.

शेवटी डोळा मिटून वरच्या पापणीवरून बोटाच्या टोकाने अगदी हलकं दाबा. पांढऱ्या भागाला खोल सूज असेल तर एवढ्या स्पर्शानेही कळ येते. डोळ्याला मार लागला असेल किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल तर हे मुळीच करू नका.

कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. दोन्ही डोळ्यांचा जवळून फोटो काढून ठेवा. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत लाली कमी-जास्त होते, तेव्हा तो उपयोगी पडतो.

कोणता डोळा कसा असतो

कोरडेपणाचा डोळा दोन्हीकडे असतो. वाळू गेल्यासारखा खुपतो, दिवस कलतो तसा वाढतो, फॅनखाली किंवा एसीत जास्त होतो. नजर अधूनमधून धूसर होते आणि पापणी मिटली की तात्पुरती साफ होते. गंमत वाटेल, पण अशा डोळ्यातून पाणीही वाहतं: पृष्ठभाग कोरडा पडून चुरचुरला की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते, ते गालावर ओघळून जातं आणि डोळा पुन्हा कोरडाच राहतो.

एपिस्क्लेरायटिस म्हणजे पांढऱ्या भागावरच्या वरच्या थराची सूज. डोळ्याचा एखादा कोपरा गडद गुलाबी-लाल होतो, थोडं टोचतं, नजर उत्तम असते. बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते.

स्क्लेरायटिस ही त्याच्या खालच्या, खऱ्या पांढऱ्या भिंतीची सूज. इथली वेदना वेगळीच असते. आतून पोखरल्यासारखी, रात्री झोपेतून उठवणारी, भुवई, कानशील आणि जबड्याकडे पसरणारी. साध्या वेदनाशामक गोळीला ती दाद देत नाही. रंग लालपेक्षा जांभळट असतो, पिकल्या जांभळाकडे झुकणारा. पुष्कळ जण "अर्धशिशी असेल", "दाढ दुखत असेल" म्हणत दिवस काढतात. आमवाताच्या रुग्णाला डोळ्यामुळे रात्री जाग आली तर उजाडताच, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

याला एक भयंकर अपवाद आहे. बरीच वर्षं आमवात असलेल्या रुग्णात पांढरी भिंत कधीकधी काहीही न दुखता पातळ होत जाते, आणि आतला निळसर-काळा रंग खालून दिसू लागतो. लाली नाही, वेदना नाही, फक्त निळसर डाग. असा नवा डाग दिसला की वाट पाहू नका.

आणि चौथा, यूव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या आतल्या, मधल्या थराची सूज. सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे बुबुळाच्या रंगीत पडद्याची सूज, जिला आयरायटिस म्हणतात. बहुतेकदा एकाच डोळ्यात, एक-दोन दिवसांत सुरू होते. उजेड सहन होत नाही, बुबुळाच्या कडेभोवती लाल कडं दिसतं, पाणी येतं पण चिपडं नसतात, नजर थोडी धुरकटते. कण्याच्या संधिवाताच्या साधारण चार रुग्णांपैकी एकाला आयुष्यात कधी तरी असा झटका येतो. तो पुन्हा येऊ शकतो, कधी या डोळ्यात तर कधी त्या.

साथीचे डोळे यांच्यापासून ओळखायला दोन खुणा पुरतात: सकाळी पापण्या चिकटवणारी घट्ट चिपडं, आणि घरात आणखी कोणाचे तरी आलेले डोळे. या खुणा नसतील तर "डोळे आलेत" असं स्वतःच ठरवू नका.

त्याच दिवशी जायला हवं असं काय

नजर कमी झाली, उजेड सहन होईना, झोप मोडणारी वेदना आली, बाहुली वाकडी दिसली, बुबुळाच्या पारदर्शक भागावर (कॉर्नियावर) पांढरा ठिपका किंवा कडेला खाच दिसली, डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा जाळं तरंगू लागलं, तर त्याच दिवशी. रविवार असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तातडीच्या विभागात.

जिथे स्लिट लॅम्प (अरुंद झोताचा, डोळा मोठा करून दाखवणारा सूक्ष्मदर्शक) आहे अशा डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जायचं. चष्म्याच्या दुकानातल्या नंबर तपासणीत यातलं काहीही कळत नाही, फॅमिली डॉक्टरांच्या टॉर्चमध्येही नाही. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशी स्लिट लॅम्पच्या अरुंद झोतातच दिसतात. एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटरच्या झोतात त्या मोजतात: ६ ते १५ दिसल्या तर सूज १ प्लस, १६ ते २५ असतील तर २ प्लस, २६ ते ५० असतील तर ३ प्लस. हा आकडा आपल्या कागदावर लिहून घ्या. पुढच्या भेटीत सूज खरंच उतरली की नुसतं बरं वाटतंय, हे त्यावरूनच ठरतं.

पोचल्यावर पहिलं वाक्य हे असावं: "मला अमुक संधिवात आहे आणि मी ही औषधं घेतो." गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, नावं आठवायचा प्रयत्न करू नका. दुचाकी चालवत जाऊ नका, कारण बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-सहा तास जवळचं अंधुक दिसतं आणि ऊन डोळ्यात खुपतं.

डॉक्टर कधीकधी फिनाइलेफ्रिनचा थेंब घालून दहा मिनिटांनी पुन्हा बघतात. वरवरच्या लाल शिरा त्याने फिक्या पडतात, खोलवरच्या पडत नाहीत. एपिस्क्लेरायटिस आणि स्क्लेरायटिस वेगळे करायची ही सोपी, स्वस्त रीत आहे.

उलट दिशेनेही एक दार उघडतं. संधिवाताचं निदान झालेलंच नाही, पण आयरायटिसचा झटका आला, आणि वयाच्या पंचेचाळिशीआधी सुरू झालेली कंबरदुखी तीन महिन्यांहून जास्त चालू आहे, सकाळी कंबर आखडते आणि हालचाल केली की मोकळी होते. अशा माणसाने एचएलए-बी२७ ची तपासणी आणि संधिवाततज्ज्ञाची भेट मागून घ्यावी. या जनुकाचं कण्याच्या संधिवाताशी आणि आयरायटिसशी असलेलं नातं १९७३ पासून माहीत आहे, तरी कित्येक रुग्णांची कंबर "बसून काम करता ना, म्हणून" या उत्तरावर वर्षानुवर्षं दुखत राहते. बी२७ पॉझिटिव्ह येणं म्हणजे आजार नव्हे, हेही ध्यानात ठेवा. ते असलेल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही.

आयरायटिसचं औषध आणि ते कुठे फसतं

सहसा दोन बाटल्या मिळतात. पहिली स्टेरॉइडची, बहुधा प्रेडनिसोलोन अॅसिटेट १ टक्का. सुरुवातीचे काही दिवस जागेपणी दर तासाला एक थेंब, मग दोन तासांनी, मग दिवसातून चारदा, असं करत सहाएक आठवड्यांत बंद. हे दुधट औषध आहे, कण तळाशी बसतात. बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवली नाही तर वरचं पाणी डोळ्यात जातं आणि औषध बाटलीत राहतं. "तासाला घालूनही फरक नाही" यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

दुसरी बाटली बाहुली मोठी ठेवणारी, होमाट्रोपिन किंवा अॅट्रोपिन. जवळचं अंधुक दिसतं म्हणून लोक ती परस्पर बंद करतात, आणि इथेच कायमचं नुकसान होतं. सुजलेला रंगीत पडदा चिकट झालेला असतो आणि मागच्या भिंगाला चिकटतो. बाहुली वाकडी दिसते ती या चिकटण्यामुळे. पूर्ण गोलाकार चिकटली तर डोळ्यातलं पाणी पुढे यायची वाट बंद होते, दाब भडकतो आणि काचबिंदू होतो. हे थेंब पडद्याला हलतं ठेवतात, दुखणंही कमी करतात. अॅट्रोपिनचा परिणाम आठवडाभर टिकू शकतो, तेव्हा काळा चष्मा वापरा आणि धीर धरा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा पांढरा होतो, दुखणं थांबतं, आणि रुग्ण स्टेरॉइड एकदम बंद करतो. आतल्या पेशी अजून तिथेच असतात. आठवड्याभरात झटका परत येतो, बहुधा आधीपेक्षा जोरात. थेंब कमी करायचं वेळापत्रक तारखांसकट लिहून फ्रिजवर चिकटवा.

आता उलटी चूक. मागच्या वेळची स्टेरॉइडची बाटली कपाटात आहे, डोळा पुन्हा लाल झाला, म्हणून तीच घातली. लाली हर्पिसच्या विषाणूची किंवा बुरशीची असेल तर स्टेरॉइडने बुबुळाचा पारदर्शक भाग, कॉर्निया, विरघळायला लागतो. ऊसतोडीत पात लागलेला, मळणीत कूस गेलेला डोळा असेल आणि रुग्ण मेथोट्रेक्झेटवर (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या संधिवाताच्या औषधावर) असेल, तर हा धोका आणखी वाढतो. स्टेरॉइड सुरू करण्याआधी डॉक्टर फ्लुओरेसिनची पिवळी-केशरी पट्टी लावून निळ्या उजेडात जखम शोधतात, ती पायरी घरी होत नाही. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या बाटल्याही मेडिकलमध्ये सर्रास मिळतात. लेबलवर डेक्सामिथासोन, बीटामिथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल यातलं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइडच आहे.

स्टेरॉइडचे थेंब चालू असताना डोळ्याचा दाब मोजून घ्यायलाच हवा, पहिल्यांदा दोन-चार आठवड्यांत. साधारण १० ते २१ (मिलिमीटर पारा) हा नेहमीचा पल्ला. वाढलेला दाब दुखत नाही, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही.

स्क्लेरायटिस आणि बुबुळाच्या कडेची खाच

इथे थेंबांनी भागत नाही. सौम्य प्रकारात सूज उतरवणाऱ्या गोळ्या, त्यापुढे तोंडाने स्टेरॉइड, आणि ऊतक झिजत असेल तर शिरेतून स्टेरॉइड, किंवा रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फमाइड अशी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं. आमवाताच्या रुग्णाच्या बुबुळाच्या कडेला खाच पडू लागली, किंवा पांढरी भिंत झिजू लागली, तर शरीरातल्या लहान रक्तवाहिन्याही सुजल्या असण्याची शक्यता असते. अशा वेळी प्रश्न केवळ नजरेचा राहत नाही, जिवाचा असतो. डोळ्यांचे आणि संधिवाताचे डॉक्टर त्याच दिवशी एकमेकांशी बोलले पाहिजेत. फोन तुम्ही जुळवून द्या, चिठ्ठीवर विसंबू नका.

डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक यांचे थेंब "वेदनाशामक, म्हणजे निरुपद्रवी" समजून वापरले जातात. कोरड्या, आमवाती डोळ्यात त्यांनी कॉर्निया विरघळल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते नेहमी लिहून दिले जातात, तेव्हा "मला आमवात आहे" हे तिथेही पुन्हा सांगा.

कोरडा डोळा: रोजचं काम

आमवाताच्या रुग्णांच्या डोळ्याची सगळ्यात नेहमीची तक्रार हीच. तोंडही कोरडं पडत असेल, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी उतरत नसेल, दात भराभर किडत असतील, तर स्योग्रेन आजाराची शंका घ्यायची. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक स्योग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हापासून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

तपासणी साधी आहे. ३५ मिलिमीटर लांबीची टीपकागदाची पट्टी खालच्या पापणीत, बाहेरच्या बाजूला अडकवून पाच मिनिटं ठेवतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली तर डोळा खरोखर कोरडा.

कृत्रिम अश्रू घेताना बाटलीवरचा बेंझाल्कोनियम क्लोराइड हा शब्द शोधा. ते टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन आहे. दिवसातून दोन-तीन वेळा थेंब लागत असतील तर चालतं, चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर तेच रसायन डोळ्याचा पृष्ठभाग खरवडतं. तेव्हा प्रिझर्व्हेटिव्हशिवायची बाटली किंवा एकेका वापराच्या कुप्या घ्या. कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के पातळ असतं, १ टक्का दाट. दाटाने थोडा वेळ धूसर दिसतं पण ते जास्त टिकतं. रात्री झोपताना मलम. आणि थेंब खुपायला लागल्यावर नव्हे, घड्याळाप्रमाणे घालायचे.

एवढ्याने भागलं नाही तर सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के, दिवसातून दोनदा. ते पहिले काही आठवडे झोंबतं आणि फायदा दिसायला दोन-तीन महिने लागतात. लोक पंधराव्या दिवशी "उलट आगच होते" म्हणून सोडतात, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे, कारण मुळातली सूज कमी करणारं औषध हेच असतं. त्यापुढे अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांना बारीक बुचं बसवता येतात, पण सूज आवाक्यात आल्यावर.

घरात: फॅनचा झोत तोंडावर नको, कूलरसमोर बसू नका, दुचाकीवर हेल्मेटची काच खाली. पापण्यांच्या कडा तेलकट, लालसर असतील तर गरम पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटं. रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून परत परत बुडवा, मग पापणीच्या मुळापासून कडेकडे हलकं चोळा. सर्दीच्या, खाजेच्या गोळ्यांनी कोरडेपणा वाढतो. गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल यातलं काहीही डोळ्यात घालू नका. ती निर्जंतुक नसतात आणि कोरड्या डोळ्याला जंतू धुऊन काढणारे अश्रूच नसतात.

वाकड्या बोटांनी थेंब कसे घालायचे

याबद्दल रुग्णाला कोणी विचारत नाही, आणि निम्मी औषधं गालावरच सांडतात. आमवाताच्या हाताला बाटली दाबणं खरोखर जड जातं. लाज न बाळगता सांगा.

१. हात साबणाने धुवा. बाटली हलवा. औषधाला चालत असेल तर ती फ्रिजमध्ये ठेवा. गार थेंब डोळ्यात पडल्याचा लगेच कळतो.

२. पलंगावर उताणे झोपा. बसून मान मागे टाकण्यापेक्षा हे बरं, आणि आमवाताने मानेचे मणके सैल झालेल्यांनी मान मागे झुकवूच नये.

३. बाटली धरलेला हात कपाळावर किंवा नाकाच्या दांडीवर टेकवा म्हणजे थरथर थांबते. चिमटीत जोर नसेल तर बाटली मुठीत घेऊन दोन्ही तळहातांच्या दाबाने दाबा. बाटलीवर बसवायचे जाड पकडीचे साधेसे होल्डरही मिळतात.

४. दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने खालची पापणी ओढून खळगा करा, वर बघा, एक थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. एकच थेंब पुरे. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही.

५. डोळा हळू मिटा, करकचून नाही. नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून दोन मिनिटं थांबा. असं केल्याने औषध घशात आणि रक्तात कमी उतरतं.

६. दुसरं औषध पाच मिनिटांनी. मलम असेल तर सगळ्यात शेवटी.

पापणी ओढणं जमत नसेल तर डोळा मिटून आतल्या कोपऱ्याच्या खळगीत थेंब टाका आणि मग डोळा उघडा. थेंब आपोआप आत ओघळतो. लहान मुलांसाठीही हीच युक्ती. कुप्यांची टोपी पिळून तोडता येत नसेल तर सकाळीच कोणाकडून तरी उघडून घेण्यापेक्षा प्रिझर्व्हेटिव्हशिवायची पंपाची बाटली घ्या, उघडी कुपी दिवसभर ठेवणं बरोबर नाही. बाटली उघडल्याची तारीख पेनाने लिहा आणि महिन्याने टाकून द्या, अर्धी भरलेली असली तरी.

मुलांचा संधिवात: पांढराशुभ्र, आजारी डोळा

गुडघा सुजलेली तीन वर्षांची मुलगी. डोळे टपोरे, स्वच्छ. तिला काही दुखत नाही, धूसर दिसतं हे सांगण्याचं वय नाही. तरीही आत यूव्हिआयटिस असू शकतो, आणि पालकांच्या लक्षात येतो तेव्हा बाहुली चिकटलेली, मोतीबिंदू सुरू झालेला, बुबुळावर चुन्यासारखा पट्टा आलेला असतो.

धोका सर्वांत जास्त कोणाला? मोजकेच सांधे सुजलेली, सात वर्षांच्या आत आजार सुरू झालेली, एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असलेली मुलं, पहिली चार वर्षं. त्यांची स्लिट लॅम्प तपासणी दर तीन महिन्यांनी. बाकीच्यांची सहा ते बारा महिन्यांनी. सांधे शांत झाले म्हणून तारीख चुकवायची नाही, कारण डोळा सांध्यांच्या चालीने चालत नाही. यूव्हिआयटिस असलेल्या मुलाचे थेंब कमी केले किंवा बंद केले की महिन्याभरात पुन्हा तपासणी.

तीन महिन्यांनंतरही दिवसाला एक-दोन थेंबांपेक्षा जास्त स्टेरॉइड लागत असेल तर मेथोट्रेक्झेट, आणि त्यानेही न आवरल्यास अॅडालिमुमॅबचं इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी. या मुलांमध्ये मेथोट्रेक्झेटला अॅडालिमुमॅबची जोड दिल्याने सूज जास्त चांगली आवरते, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. एटानरसेप्ट हे त्याच घराण्यातलं औषध सांध्यांना चालतं, डोळ्याला मात्र उपयोगी पडत नाही. यूव्हिआयटिस असताना ते सुचवलं गेलं तर जरूर विचारा.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन: वजनकाटा आणि कॅलेंडर

चांगलं औषध आहे, भीतीपोटी सोडू नका. ल्युपसमध्ये तर सोडल्याने आजार उसळतो. पण मात्रा वजनावर ठरते: रोज प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमपर्यंत. ४० किलोला २०० मिलिग्रॅम. ६० किलोला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे एक दिवस २०० आणि एक दिवस ४००. ४५ किलोच्या बाईला वर्षानुवर्षं रोज ४०० मिलिग्रॅम चालू असेल तर ती मात्रा दर किलोला जवळजवळ ९ होते. वर्षातून एकदा वजन करा, हिशेब मांडा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी परस्पर कमी करू नका.

मात्रा मर्यादेत असेल तर पहिल्या पाच वर्षांत दृष्टिपटलाला इजा होण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत दोन टक्क्यांहून कमी, पण वीस वर्षांनंतर ते वीस टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणून पहिल्या वर्षात एकदा पायाभूत तपासणी, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगाचं औषध) चालू असेल किंवा मात्रा जास्त असेल तर पाच वर्षं थांबायचं नाही.

तपासणी म्हणजे दृष्टिपटलाचे थर दाखवणारा ओसीटी स्कॅन आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी. एक बारकावा: आशियाई रुग्णांत इजा पुष्कळदा दृष्टिकेंद्रापासून थोडी दूर सुरू होते. केवळ मधल्या दहा अंशांची, १०-२ नावाची चाचणी केली तर ती निसटू शकते. २४-२ किंवा ३०-२ ही रुंद चाचणीही करून घ्या. झालेली इजा भरून येत नाही आणि गोळी थांबवल्यावरही काही काळ वाढू शकते, तेव्हा "वाचताना अक्षरं गायब होतात" इथपर्यंत थांबणं म्हणजे उशीर.

बाकी औषधांबद्दल थोडक्यात

मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा. रोज घेतलं तर जिवावर बेततं. वार ठरवा आणि पाकिटावर लिहा. तोंडाने घेतलेल्या स्टेरॉइडनेही मोतीबिंदू आणि काचबिंदू होतो, वर्षातून एकदा दाब मोजा. अॅडालिमुमॅब सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी आणि हिपॅटायटिस बी. आपल्याकडे क्षय स्वतःच यूव्हिआयटिस करतो, म्हणून ही पायरी दुहेरी महत्त्वाची आहे.

पन्नाशीपुढच्या, विशेषतः सत्तरीतल्या माणसाला नवी डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा भरून येणं, आणि एका डोळ्यापुढे क्षणभर पडदा सरकणं: हा कानशिलाच्या धमनीचा दाह असू शकतो. भारतात कमी आढळतो म्हणून सुचत नाही. एका डोळ्याची नजर गेली तर दुसऱ्याची काही दिवसांत जाऊ शकते. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या त्याच दिवशी, स्टेरॉइडही त्याच दिवशी. बायोप्सी नंतर केली तरी चालते.

मोतीबिंदू काढायचा असेल तर

यूव्हिआयटिसच्या डोळ्यातला मोतीबिंदू शिबिरात, रांगेत काढून घेऊ नका. आत सूज असताना शस्त्रक्रिया झाली तर ती भडकते, आणि स्क्लेरायटिसच्या डोळ्यात टाक्यांजवळची भिंत झिजू शकते. डोळा किमान तीन महिने सलग शांत हवा, आणि शांत म्हणजे स्लिट लॅम्पखाली पेशी नाहीत असा. जुने कागद, पेशींचे आकडे, थेंबांचं वेळापत्रक शल्यतज्ज्ञांना दाखवा. शस्त्रक्रियेआधी काही दिवस स्टेरॉइड वाढवावं लागतं आणि नंतरचे थेंब इतरांपेक्षा जास्त आठवडे चालतात. संधिवाताच्या कोणत्या गोळ्या त्या काळात चालू ठेवायच्या हे दोन्ही डॉक्टरांकडून लेखी घ्या. मानेचे सांधे आमवाताने सैल झाले असतील तर तेही आधीच सांगा, म्हणजे टेबलावर मानेखाली नीट आधार दिला जाईल.